‘चालंल’ न म्हणणारे मुकादम

शाळेत रुजू व्हायला गेले त्या पहिल्याच दिवशी माझ्या वर्गाच्या उंबऱ्यात एक माणूस आडवा पडलेला होता. खाकी हाफपँट, डोक्याला मळकं मुंडासं, डावा गाल थेट जमिनीला टेकवलेला आणि एक डोळा मिटलेला. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी दारुडा. मी तळेगाव ढमढेऱ्याहून गाड्या बदलत, मांडीवर ट्रंक सांभाळत, धुळीनं माखून आलेली. छत्री जमिनीवर आपटून मी म्हटलं, "अहो, उठा. ही शाळा आहे."

तो उठला नाही. पडल्यापडल्याच म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा. तुमची सावली लायनीवर पडतीय."

मी बाजूला झाले. का झाले, ते आजही सांगता यायचं नाही. मग तो उठला, गालाची माती पुसली आणि मला रीतसर नमस्कार करून म्हणाला, की ही पत्र्याची भिंत दोन सूत बाहेर गेलीय, आजचा दिवस मुलांना बाहेर लिंबाखाली बसवा. मी विचारलं, तुम्ही शिक्षण खात्याचे का? नाही. बांधकामाचे? नाही. मग इथले राहणारे? तेही नाही. तो होता रेल्वेच्या गँगचा मुकादम. आमच्या शाळेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो दोन गँगमन घेऊन आला, भिंतीचा खांब उपटला, पुन्हा रोवला, भोवती खडी ठासली आणि भाकरी न खाताच कामावर परत गेला.

हे गेनबा मुकादम. पुढं मी त्यांना ‘अहो मुकादम’ म्हणू लागले आणि ते मला शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणत राहिले.

आमचं गाव तेव्हा गाव नव्हतंच. कासुर्डीच्या पुढं, रेल्वेलाइन आणि ओढा यांच्या मधल्या माळावर सरकारनं चुन्याच्या रेघा मारून पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. घाटातलं उंबरदरा नावाचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्यातली चाळीसएक घरं ट्रकांतून आणून इथं उतरवली. ट्रक रिकामे होत होते तेव्हा मुकादमांची गँग शेजारच्या लाइनीवर काम करत होती. "वॅगनीतनं खडी वतत्यात तशी मानसं वतली, बाई," ते मला म्हणाले होते. "वतली आन् गाडी गेली."

कागदावर नाव होतं ‘पुनर्वसन वसाहत’. शेजारच्या मूळ गावातले लोक मात्र या माणसांना ‘पाव्हणं’ म्हणत. त्या मूळ गावाचं नाव मी इथं घेत नाही, कारण माझे विद्यार्थी आज तिथं नांदतात आणि ती माणसंही आता पुष्कळ बदलली. मला सुरुवातीला ते ‘पाव्हणं’ फार गोड वाटलं. वाटलं, बघा, किती मायेची माणसं. मग ध्यानात आलं की दोन वर्षं झाली तरी हे पाव्हणंच. पाव्हण्याला चहा मिळतो, विहिरीवर पाळी मिळत नाही. आणि पाव्हण्यानं आज ना उद्या उठून जायचं असतं.

मुकादम त्याच मूळ गावचे, तिथल्या बौद्धवस्तीतले. आठवडाभर लाइनीकडेच्या गँगच्या खोलीत राहायचे, रविवारी घरी. पण हळूहळू त्यांचा रविवार आमच्याकडंच जाऊ लागला. त्यांच्या बायको, काशीबाई, म्हणायच्या, "ह्येंला घर न्हाई दिसत, लाइन दिसती." खरंच होतं ते. रुळाला गाल लावून लाइन बघणं हे मुकादमाचं काम. कुठं रूळ बोटभर सरकला, कुठं दबला, ते तसंच कळतं. पण गेनबा मुकादम सगळं जगच तसं बघत. कुठं रांग दिसली की एक डोळा मिटलाच. निमोण्याला भाचीच्या लग्नात पंगत बसली, तेव्हा हे पंगतीच्या टोकाला ओणवे झाले आणि सातव्या पानावरच्या माणसाला हातानं खूण करून म्हणाले, वाईच मागं सरका. तो निघाला नवऱ्या मुलाचा चुलता. तो रुसला, पानावरून उठला, त्याला समजावता समजावता भात निवला. काशीबाई ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मुकादम गंभीरपणे म्हणायचे, "आता रुसला त्ये खरं, पन पंगत सरळ झाली."

काशीबाईंच्या हातचा चहा मी पहिल्यांदा घेतला तो ओळख झाल्यावर चार महिन्यांनी. आधी मी दर वेळी काहीतरी कारण सांगायची. पित्त होतंय, आत्ताच घेतला, गुरुवार आहे. आज लिहिताना लाज वाटते. मुकादमांना कारणं कळत होती. एकदा ते नुसतं म्हणाले, "बाई, गुरवार आज न्हाई, काल हुता." मी कप उचलला आणि खाली मान घालून प्यायले. त्या दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांच्या बोलण्यात रेल्वेच इतकी होती की नव्या माणसाला गोंधळ व्हायचा. त्यांचा लाडका शब्द म्हणजे ‘पॅकिंग’. मला वाटायचं, सामानाची बांधाबांध. एकदा त्यांनी मला लाइनीवर नेऊन दाखवलं. रुळाखालचा आडवा लाकडी ओंडका, म्हणजे स्लीपर, जागेवर ठेवला, वर रूळ बसवला, की लांबून काम झालेलं दिसतं. पण स्लीपरच्या खाली खडी ठासून भरायची असते, दोन्ही अंगांनी, ठोकून ठोकून, हात भरून येईपर्यंत. ते पॅकिंग. ते नसलं की पहिल्या गाडीला लाइन दबते. आमच्या वसाहतीकडं हात करून ते म्हणायचे, "सरकारनं स्लीपर ठिवल्यात. पॅकिंग कुनी करायचं?" आणि मग स्वतःच करायचे. कुणाला विहिरीवर पाळी मिळवून दे, कुणाचं नाव यादीत चुकलं तर त्याला घेऊन कचेरीत तिष्ठत बस. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, तुम्ही यांचे कोण, तर म्हणायचे, "मी शेजारचा रूळ."

आणि एक शब्द त्यांना अजिबात खपत नसे. ‘चालेल’. आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, चालेल. त्यांच्यासमोर म्हटलं की कपाळावर आठी. एकदा दौंडातल्या एका साहेबानं घाईघाईनं लाइन बघितली आणि म्हणाला, चालेल मुकादम, सही करा. यांनी सही केली नाही. साहेब तापला. हे शांतपणे पहार खांद्यावर टाकून म्हणाले, "सायेब, चालंल म्हंजी काय? बसली न्हाई असंच ना?" आणि गँगला परत कामाला लावलं. त्या वर्षी त्यांची बढती हुकली म्हणतात. मी त्यांना विचारलं, इतकं काय त्या शब्दाचं? उत्तर मिळालं ते धोंडूआबांमुळं.

धोंडूआबा म्हणजे उंबरदऱ्याचे कर्ते म्हातारे. वसाहतीतली सगळी घरं त्यांच्या तोंडाकडं बघून हलायची. आणि आबांनी घाटातून येताना आपल्या घराची दाराची चौकट उतरवून आणली होती; भक्कम सागाची, वर वेलबुट्टी कोरलेली. बाकीच्यांनी आपापल्या चौकटी पत्र्याच्या खोल्यांना बसवून टाकल्या. आबांनी बसवली नाही. ती खोलीच्या मागं पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली. लोक काय ते समजून होते. चौकट बसली नाही तोवर आबा बसले नाहीत, आणि आबा बसले नाहीत तोवर गाव बसलं नाही.

मुकादमांना ती चौकट दिवसरात्र खुपायची. दर रविवारी विचारायचे, "आबा, चौकट?" आबा म्हणायचे, "बघू."

दुसरा उन्हाळा आला आणि बातमी फुटली. धरणाचं पाणी खाली गेलंय, वरच्या अंगाला जमीन उघडी पडलीय, आबा परत निघालेत. तिथं झोपडी घालून राहणार. आबा निघाले तर मागून पंचवीस-तीस घरं निघणार हे आंधळ्याला कळत होतं. आणि पावसाळ्यात पाणी परत चढलं की ती माणसं ना इकडची ना तिकडची. मी आबांना नकाशे दाखवून समजावू पाहिलं. आबा म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असंल. पन इथं कुनी आमाला गावचं म्हनत न्हाई."

मुकादम शेजारी बसून सगळं ऐकत होते. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, पहिल्यांदा आणि एकदाच.

बांगलादेशची लढाई संपली तेव्हा तिकडचे रूळ उखडलेले, पूल पाडलेले होते. दुरुस्तीला इकडून रेल्वेची माणसं गेली, त्यांत दौंडातून हे गेले. छावण्यांतली माणसं लाखांनी परत निघालेली. डोक्यावर भांडी, काखेत पोर, आणि पुढं काय उरलंय याचा पत्ता नाही. एका ठिकाणी यांनी नवी लाइन टाकली. स्लीपर बसले, रूळ बसले, पॅकिंग अर्धं बाकी. पण दुसऱ्या दिवशी पहिली गाडी सोडायचा समारंभ ठरलेला. तरणा साहेब म्हणाला, गाडी हळू हाकू, चलेगा मुकादम? "आन् म्या म्हनलो, चालंल," मुकादम म्हणाले. "माज्या तोंडानं म्हनलो."

गाडी माणसांनी गच्च भरलेली. त्या तुकड्यावर आली आणि लाइन दबली, डबा कलला. मेलं कुणी नाही, पण माणसं उड्या टाकून खाली पडली आणि पुन्हा चढेनात. सगळी चालत निघाली. एक म्हातारी हात मोडून रुळाकडेला बसली होती. ती मुकादमांना सारखं विचारत होती, बाडी, बाडी. यांना वाटलं, वाडी विचारतेय. यांनी लांब दिसणाऱ्या झोपड्यांकडं बोट केलं. म्हातारी मोडका हात धरून तिकडं गेली. संध्याकाळी तीच वाट तुडवत परत आली. गँगबरोबरचा दुभाष्या म्हणाला, बाडी म्हणजे घर.

"ती घर इचारत हुती, म्या गाव दावलं," मुकादम म्हणाले. मग आबांकडं न बघता म्हणाले, "सरकारनं बी तुमाला गाव दावलं, आबा. तुमी घर इचारताय. तुमचं चुकत न्हाई. पन माज्या डोळ्यांदेखत अजून एक गाडी कलायची न्हाई. जाऊन बघाच तुमी."

शेवटचं वाक्य धमकीसारखं होतं. आबा मनापासून रागावले. म्हणाले, तुम्ही कोण आम्हाला अडवणार? पण त्या आठवड्यात ते गेले नाहीत. मग पेरणी आली. मग हौसाबाई आजारी पडल्या.

हौसाबाई म्हणजे आबांच्या मंडळी. घाटात जन्म गेला नाचणीवर, इथली बाजरी त्यांना पचेना. मला म्हणायच्या, बाई, तुमच्या देशावर सगळंच कोरडं, भाकरीसुद्धा. मार्गशीर्षात एका सकाळी त्या गेल्या. वसाहतीतलं ते पहिलं मरण. आणि त्यांना न्हाऊ घालून, लुगडं नेसवून, हळदीकुंकू लावून झाल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं, की न्यायचं कुठं ते कुणालाच माहीत नाही.

माणसं शाळेत आली. वसाहतीचा नकाशा माझ्या वर्गात भिंतीवर लावलेला. त्यावरूनच मी मुलांना दिशा शिकवायची. माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि मी बोट फिरवत होते. शाळा होती, अजून खणायची असलेली विहीर होती, गुरांचा हौद होता, देवळाला जागा होती, तालमीलासुद्धा होती. स्मशान नव्हतं. दीड वर्ष मी त्या नकाशासमोर उभी राहून पूर्व-पश्चिम केली आणि मला ते कधी दिसलं नाही. मला तिथंच रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

चौघं मूळ गावात विचारायला गेले, मागोमाग मीही गेले. शिवेवर अण्णा उभे होते. अण्णा सोसायटीचे चेअरमन, गावचे वजनदार माणूस. वाईट म्हणवत नाही. त्यांची चार एकर काळी जमीन आमच्या चुन्याच्या रेघांखाली गेली होती आणि ते त्यांच्या पोटात सलत होतं. त्यांनी मुंडासं काढून आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "पाव्हणं, गावची मसणवाट गावाची हाय. आज एक आनलं तर उद्या धा येतील. तुमची सोय सरकारनं करायची. न्हाईतर आपल्या गावाला न्या."

आपलं गाव तीस हात पाण्याखाली. तेवढ्यात लाइनीकडून मुकादम आले. हातातली लाल बावटी तशीच, घाम निथळत होता. त्यांना कुणीतरी निरोप दिला होता.

"आण्णा," ते म्हणाले, "जाळायचंय. बुडवायचं न्हाई."

अण्णा म्हणाले, गेनबा, तू यात पडू नकोस, तू गावचा आहेस. मुकादम म्हणाले, गावचा आहे म्हणूनच पडतोय. मग आमच्याकडं वळून म्हणाले, नकाशा काढणाऱ्याला वाटलं, पुनर्वसन झाल्यावर माणसं मरत नाहीत. आणि मग, जसं काही पाणी प्यायला चला म्हणावं तसं, म्हणाले, "चला. वड्याकडंला आमची जागा हाय, तिथं न्या."

आमची म्हणजे बौद्धवस्तीची. वस्तीतली काही पोरंटोरं आणि बापे गोळा झाले होते, त्यांतला एकजण पुढं येऊन बोलला. म्हणाला, मुकादम, ह्या जागेसाठी तुमच्या बापानं मार खाल्लाय, ती यांना का म्हणून? यांनी घाटात आपल्याला पाणवठ्यावर उभं केलं असतं का? प्रश्न खरा होता.

मुकादम म्हणाले, "नसतं केलं. म्हनून तर आपन करायचं. जागा नसली की काय हुतं त्ये ह्या गावात आपल्याशिवाय कुनाला ठावं हाय?"

आता आबा काय म्हणतात याच्याकडं सगळे बघत होते. वसाहतीवर येऊन मुकादमांनी सगळं सांगितलं. हौसाबाईंच्या उशाशी आबा बसलेले. आयुष्यभराचं काय काय त्यांच्या मनात आलं असेल ते मला दिसत होतं, कारण तो गुरुवारचा चहा माझ्या घशातून अजून उतरला नव्हता. शेवटी आबा म्हणाले, "मुकादम, ती तुमची जागा."

"व्हय, आमचीच. दुसऱ्याची कशी दिऊ?"

आबा उठले. पण ते बाहेर बांधून ठेवलेल्या ताटीकडं, तिरडीकडं, आले नाहीत, खोलीच्या मागं गेले. पोतं सोडलं, चौकट ओढत अंगणात आणली आणि कुऱ्हाड मागितली. घाटात लाकडाला तोटा नव्हता. इथं माळावर सरणाला बाभळीची काटकी नाही. आबा म्हणाले, ती याच चौकटीतून घरात आली होती, हिच्यावरच जाऊ द्या. बायका हुंदके देऊ लागल्या. मला वाटलं, बरोबर आहे, यापरतं काय असणार.

मुकादमांनी कुऱ्हाडीवर पाय ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "चौकट जाळायची न्हाई."

आबा ओरडले, लाकूड माझं, बायको माझी. मुकादमांनी पाय काढला नाही. त्यांनी आपल्या गँगमनना नुसती मान हलवली. अर्ध्या तासात बैलगाडीतून साल लाकडाचे जुने स्लीपर आले, सहा की सात. रेल्वेनं निकाली काढलेले, मुकादमांनी नुकतेच लिलावात घेऊन ठेवलेले. त्यांच्या घराचं छप्पर त्या स्लीपरांसाठी तीन वर्षं अडलं होतं. काशीबाई पावसात भांडी मांडून बसायच्या. गाडीबरोबर काशीबाई स्वतः चालत आल्या होत्या. स्लीपर उतरवताना एका टोकाला त्यांचाही हात होता.

ताटी निघाली ती मूळ गावाच्या पेठेतून, अण्णांच्या दारावरून, बौद्धवस्तीतून. आडवाट होती, ती मुकादमांनी घेतली नाही. वस्तीत काशीबाई पुढं जाऊन तांब्या घेऊन उभ्या होत्या. आबा थांबले, तांब्या घेतला, तोंड लावून पाणी प्यायले आणि पुढं निघाले. त्यानंतर रांगेतल्या प्रत्येकानं पाणी घेतलं. मीही घेतलं.

ओढ्याकाठी मुकादमांनी ते स्लीपर रचले. रचताना ओणवे होऊन एक डोळा मिटून बघितलं, एक स्लीपर बोटभर सरकवला. कुणालाही ते विचित्र वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुकादमांविरुद्ध अर्ज गेला, रेल्वेचे स्लीपर चोरून जाळले म्हणून. कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीला एक साहेब आले. मुकादम त्यांना थेट ओढ्याकाठी घेऊन गेले, राखेचा ढीग दाखवला आणि म्हणाले, "मोजून घ्या." साहेब बावरले. मग मुकादमांनी सावकाश खिशातून लिलावाचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. मी म्हटलं, आधीच दाखवायचा होता की कागद. तर म्हणाले, "कागद काय, आधी सायबाला मानूस बघू दे की."

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर आबांच्या खोलीपुढं गर्दी. आबांनी स्वतः पत्रा कापला होता आणि चौकट उभी केली होती. दोन्ही अंगांना माती-दगड ठासणं चाललं होतं. एकानं विचारलं, आबा, आता परत नाही ना जायचं? आबा म्हणाले, "ती हितं हाय. म्या कुठं जाऊ?"

मुकादमांना बोलावणं गेलं. ते आले, उंबऱ्यापुढं आडवे झाले, गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. मग म्हणाले, उजवा खांब दोन सूत बाहेर आहे, काढून पुन्हा बसवावा लागेल.

आबा म्हणाले, "मुकादम, ती तिथं बी दोन सूत भायेरच हुती. माज्या बापाच्या हातनं तशीच बसली हुती. हौसा रोज तिला खांदा घासून आत यायची."

मुकादम जमिनीवरच पडून राहिले. उठले तेव्हा गालाला माती होती, ती त्यांनी पुसली नाही. चौकटीवरून हात फिरवला, त्या बाहेर गेलेल्या खांबावर तळवा टेकवून एकदा जोर लावून बघितला. खांब हलला नाही.

"चालंल," ते म्हणाले.

मी जागच्या जागी हसले आणि रडले. गँगमन एकमेकांकडं बघायला लागले. मुकादम कुणाकडंही न बघता पहार उचलून लाइनीवर निघून गेले.

त्यानंतर तीनेक वर्षांनी माझी बदली शिरूरच्या बाजूला झाली. मुकादम त्याच वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या घराचं छप्पर अजून व्हायचंच होतं. आमच्या वसाहतीतली माणसं ते काम आळीपाळीनं करत होती आणि काशीबाई त्यांना रोज टोमणे मारत होत्या. वसाहतीला आता सगळे उंबरदराच म्हणत. अण्णासुद्धा.

मी निघाले त्या सकाळी दुसऱ्या एका धरणात गाव गेलेली माणसं आमच्याच माळावर राहायला आली. पाच-सहा ट्रक, भांडी, कोंबड्या, शेळ्या, गुंडाळलेल्या चौकटी. माणसांचे चेहरे तेच, जे आमच्या लोकांचे होते. मी ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होते. धोंडूआबा काठी टेकत पुढं झाले आणि मोठ्या मायेनं हात जोडून म्हणाले, "या पाव्हणं, या."

मुकादम मागंच उभे होते. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आबा, पाव्हणं न्हाई म्हनायचं."

आबांनी जीभ चावली. मुकादमांनी नव्या माणसांना सामान ट्रकमध्येच ठेवायला सांगितलं. घरं मागून बघा, म्हणाले, आधी माझ्याबरोबर चला. ती बिचारी गोंधळून त्यांच्यामागं निघाली, पदर सावरत, म्हाताऱ्यांना धरून. मला माहीत होतं ते त्यांना कुठं नेताहेत. ओढ्याकडं. आल्या आल्या माणसांना त्यांचं मसण दाखवायला नेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लांबून त्यांचा आवाज येत होता, "ही तुमची जागा. कुनी हटकलं तर सांगायचं, आमाला मुकादमानं दिलीय."

माझी गाडी आली. खिडकीतून मागं बघितलं तर माणसांची लांबच लांब रांग ओढ्याच्या उतारावर उभी होती आणि तिच्या टोकाला मुकादम ओणवे झाले होते, एक डोळा मिटून. मग त्यांनी हात वर केला आणि मधल्या कुणालातरी खूण केली, वाईच मागं सरका.